एका पोराचा वर्षभराचा खर्च: लिओनार्दोच्या घरातला जाकोमो, १४९०–९१

लिओनार्दो दा विंचीच्या एका वहीत, उजेड आणि सावलीच्या अभ्यासाच्या मध्येच, एक घरगुती पान येतं. वर नोंद आहे: २३ एप्रिल १४९०, ही वही सुरू केली आणि घोडा पुन्हा हाती घेतला. घोडा म्हणजे मिलानच्या स्फोर्झा घराण्यासाठी करायचा प्रचंड अश्वारूढ पुतळा. त्याखाली लिहिलंय की जाकोमो मॅग्डालेनच्या सणाला, म्हणजे २२ जुलैला, राहायला आला, वय वर्षं १०. आणि समासात चार शब्द: चोर, खोटारडा, हट्टी, खादाड.

हे चार शब्द इतक्यांदा उद्धृत झालेत की पानावरचं बाकीचं कुणी नीट वाचत नाही. खरं तर ते पान हिशोबाचं आहे. तारीख, वस्तू, किंमत, सगळं त्यात आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटी एका चित्रकाराच्या घरात दहा वर्षांचं पोर ठेवायला काय लागायचं, ते पोर कुठे कुठे जायचं, त्याच्या हाताला काय लागायचं, हे एवढ्या बारकाईने सांगणारा कागद क्वचितच सापडतो. नाणी समजायला सोपी आहेत: २० सोल्दी म्हणजे १ लिरा.

पोर आणि त्याचा दर्जा

पूर्ण नाव जान जाकोमो काप्रोत्ती. वडील पिएत्रो, गाव ओरेनो, मिलानच्या ईशान्येला. लिओनार्दो तेव्हा ३८ वर्षांचा होता. घरात आधीच तरुण चित्रकार होते. त्यातला मार्को म्हणजे मार्को द'ओज्जोनो आणि जोव्हान आंतोनियो म्हणजे बोल्त्राफियो. बोल्त्राफियोचा जन्म १४६७चा, म्हणजे तो तेविशीतला. थोडक्यात, घर कमावत्या हातांचं होतं आणि त्यात हे एकटंच लहान पोर.

हा मुलगा नोकर होता की शिष्य, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर शोधायचं तर पैसे कुठून कुठे जातात ते पाहावं. त्या काळी मुलगा चित्रकाराकडे ठेवण्याचे दोन सरळ मार्ग होते. एकात बाप पैसे भरायचा. १४ मार्च १४९४ला गालेआत्सो नावाचा मुलगा लिओनार्दोकडे आला तो दरमहा ५ लिरा खर्चाच्या करारावर. त्याच्या बापाने २ राइन फ्लोरिन (सोन्याची नाणी) तिथेच मोजून दिले. दुसऱ्यात उस्ताद पैसे द्यायचा. १४८८ साली फ्लॉरेन्समध्ये १३ वर्षांच्या मिकेलांजेलोला गिरलांदायोकडे तीन वर्षांसाठी ठेवलं, तेव्हा उस्तादाने पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ८ आणि तिसऱ्या वर्षी १० असे २४ फ्लोरिन द्यायचं ठरलं.

जाकोमोच्या पानावर दोन्ही नाहीत. बापाकडून आलेला पैसा नाही, मुलाला ठरवलेला पगार नाही. आहे तो फक्त त्याच्यावर झालेला खर्च आणि त्याने केलेलं नुकसान, ओळीने, किमतीसकट. मास्तरने केवळ रागाच्या भरात हे लिहिलं असेल असं वाटत नाही. राग चार शब्दांत संपला. पुढचं लिखाण उद्या कुणासमोर ठेवायची वेळ आली तर ठेवता यावं अशा बेताने केलेलं आहे. हा कुणी म्हणजे बहुधा बापच.

कपड्यांचा खर्च

वर्षअखेरीची यादी अशी आहे. एक झगा २ लिरा. सहा सदरे ४ लिरा. तीन बंड्या ६ लिरा. चार जोड्या पायमोजे ७ लिरा ८ सोल्दी. एक अस्तराचा अंगरखा ५ लिरा. चोवीस जोड्या पादत्राणं ६ लिरा ५ सोल्दी. टोपी १ लिरा. कमरपट्टे आणि नाड्या १ लिरा. बेरीज केली तर ३२ लिरा १३ सोल्दी, म्हणजे महिन्याला साधारण पावणेतीन लिरा. गालेआत्सोचा बाप सगळ्या खर्चापोटी महिन्याला ५ लिरा देत होता, हे लक्षात घेतलं तर नुसत्या कपड्यालत्त्याला ही रक्कम लहान नाही.

यात दोन गोष्टींवर थांबायला हवं. पायमोजे म्हणजे आजचे विणलेले मोजे नव्हेत. कंबरेपर्यंत येणारं, कापडातून तिरकं कापून अंगाबरोबर शिवलेलं ते वस्त्र होतं आणि नाड्यांनी बंडीला बांधलेलं असायचं. तिरकं कापलं म्हणजे कापड थोडं ताणतं, पण वायाही बरंच जातं. म्हणून एक जोडी सरासरी ३७ सोल्दींना पडली, एका सदऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. गुडघा फाटला की सगळंच बिघडलं, आणि दहा वर्षांच्या मुलाचे गुडघे कसे असतात ते सांगायला नको. नाड्या वेगळ्या विकत घ्याव्या लागायच्या कारण त्या तुटायच्या, हरवायच्या.

दुसरी गोष्ट चोवीस जोड्यांची. महिन्याला दोन. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण एक जोडी जेमतेम सव्वापाच सोल्दींना पडली आहे, म्हणजे ही हलकी, पातळ तळव्याची पादत्राणं. पोर दिवसभर निरोप घेऊन, सामान आणायला, उस्तादाच्या मागे धावत होतं. शहरातल्या रस्त्यांवर पंधरा दिवसांत तळवा जाणं स्वाभाविक आहे. या आकड्यात उधळपट्टीपेक्षा राबणूक जास्त दिसते.

पहिले तीन दिवस

आल्याच्या दुसऱ्या दिवशी लिओनार्दोने त्याच्यासाठी दोन सदरे, एक जोडी पायमोजे आणि एक बंडी बेतायला दिली. वर्षअखेरीच्या सरासरी दराने हे कपडे पाच लिरांच्या थोडं वर जातात. त्यांचे पैसे काढून ठेवले तर पोराने थैलीतून ४ लिरा उचलले. खात्री असूनही त्याच्याकडून कबुली काढता आली नाही, असं लिओनार्दो लिहितो. म्हणजे जे पैसे त्याच्याच अंगावर कपडे बनून चढणार होते तेच त्याने मारले. घरात पाऊल टाकून जेमतेम एक दिवस झालेल्या मुलाला ते कपडे आपल्यासाठी आहेत यावर विश्वास बसला नसेल, किंवा हातात रोकड असलेली बरी असं वाटलं असेल. दोन्ही शक्य आहे.

त्याच्या पुढच्या दिवशी उस्ताद त्याला घेऊन जाकोमो आंद्रेआकडे जेवायला गेला. हा फेराराचा वास्तुविशारद, लिओनार्दोचा जवळचा मित्र. पुढे १५०० साली फ्रेंचांनी त्याला मिलानमध्ये मृत्युदंड दिला. त्या जेवणात पोर दोघांचं जेवला, चौघांचा उच्छाद मांडला, तीन बाटल्या फोडल्या आणि वाइन सांडली. या ओळीत एक गोष्ट सहज निसटते: नवा नोकर मालकासोबत मित्राच्या पंगतीला बसला होता. दाराशी उभा नव्हता.

चांदीची लेखणी दोनदा का गेली

७ सप्टेंबरला मार्कोची चांदीची लेखणी गेली, किंमत २२ सोल्दी. शोधाशोध केल्यावर ती जाकोमोच्या पेटीत सापडली. पुढच्या २ एप्रिलला जोव्हान आंतोनियोने आपली लेखणी चित्रावर ठेवली होती. तीही गेली, २४ सोल्दींची. एकच वस्तू दोन वेगवेगळ्या माणसांची, सात महिन्यांच्या अंतराने.

कारण वस्तूतच आहे. चांदीचं बारीक टोक असलेली ही काडी कोऱ्या कागदावर उमटत नाही. कागदाला आधी हाडांच्या राखेचा लेप द्यावा लागतो. त्या खरखरीत थरावर चांदी घासली जाते आणि करडी रेघ उरते, जी पुढे तपकिरी होते. रेघ पुसता येत नाही, म्हणून काढणारा सावकाश काढतो, मध्ये थांबतो, उठून पाहतो आणि लेखणी जिथल्या तिथे ठेवतो. म्हणजे चांदीची एक लहानशी वस्तू, मुठीत मावणारी, वजनावर कुठेही विकली जाणारी, दिवसातून अनेकदा टेबलावर उघडी. तिची किंमत मुलाच्या चार जोड्या पादत्राणांएवढी. ज्या घरात असं सामान पडून असतं तिथे पोराला दोष देणं सोपं, पण कामाची रीतच अशी होती.

पेटीचंही तसंच. अशा घरात नोकराची स्वतःची म्हणावी अशी जागा एवढीच. म्हणूनच चोरलेली वस्तू तिथे जाते आणि म्हणूनच शोधणारा आधी तीच उघडतो.

कागदाच्या त्या लेपाचं काम कोण करायचं? चेन्निनो चेन्निनी या चित्रकाराने १४००च्या सुमारास कारागिरीची जी हस्तपुस्तिका लिहिली, तिच्यात कृती आहे: कोंबडीच्या मांडीची आणि पंखाची हाडं, जितकी जुनी तितकी बरी, जेवणाच्या टेबलाखाली पडलेली असतील तशीच उचलायची, विस्तवात टाकायची, राखेहून पांढरी झाली की काढायची आणि दगडी पाट्यावर चांगली दोन तास वाटायची. टेबलाखाली वाकणारा आणि दोन तास वाटणारा हात बहुधा घरातल्या सर्वांत लहान माणसाचा असणार.

काम काय असायचं

हिशोबाच्या पानावर कामं लिहिलेली नाहीत. ती लिहायची गरजच नव्हती. पण चित्रशाळेत पोराच्या वाट्याला काय येतं हे चेन्निनीच्या क्रमावरून कळतं. आधी एक वर्ष लहान फळीवर रेखाटन. मग सहा वर्षं रंग वाटणं, सरस उकळणं, जिप्सम मळणं, फळ्यांना अस्तर चढवणं. मग आणखी सहा वर्षं रंगकाम, सोन्याची कलाकुसर, भिंतीवरचं काम. एकूण तेरा, आणि सुट्टीच्या दिवशीही रेखाटन चुकवायचं नाही. हा फ्लॉरेन्सचा आणि शंभर वर्षं जुना आदर्श आहे. लिओनार्दोच्या घरात तो जसाच्या तसा पाळला जात असेल असं नाही. पण पाटा, सरस आणि फळी तीच.

वाटणं हे बिनडोक काम नाही. प्रत्येक रंगाला वेगळा नियम आहे आणि चूक झाली की माल वाया जातो. हिंगूळ, म्हणजे लाल रंग, जितका वाटावा तितका उजळतो. चेन्निनी म्हणतो वीस वर्षं रोज वाटलात तरी चांगलंच. काळा रंगही तसाच. उलट अझुराइटचा निळा जास्त वाटला की फिका राखाडी पडतो, कारण त्याचा रंग कणाच्या आकारावर अवलंबून असतो. त्यावर हात हलका ठेवावा लागतो. ज्याने सकाळभर हिंगूळ जोर लावून वाटला त्याने दुपारी त्याच जोराने अझुराइट वाटला तर महागड्या खनिजाची माती झाली. पिवळा हरताळ वाटायला सगळ्यात चिवट, म्हणून त्यात थोडी फुटकी काच घालायची. आणि तो आर्सेनिकचा, म्हणून तोंडाला लागू द्यायचा नाही अशी ताकीद. बोटं चाटायची सवय असलेल्या मुलाला ही ताकीद किती वेळा द्यावी लागत असेल!

अस्तराचं बारीक जिप्सम निदान महिनाभर पाण्यात भिजत ठेवून रोज ढवळायचं. ढवळायला चुकलं तर ते घट्ट धरतं आणि मऊ राहत नाही. सरस बकरीच्या कातड्याच्या कातरणांचा, पाणी बरंच आटेपर्यंत उकळायचा, तोही थंडीवाऱ्याच्या दिवसांत, नाहीतर सुकायच्या आधी नासतो आणि घरभर घाण सुटते.

लिओनार्दोच्या घरचं म्हणून एक काम त्याच्याच टिपणांतून कळतं. तेलरंगासाठी तो अक्रोडाचं तेल वापरी. अक्रोडाच्या गरावर एक पातळ साल असते; ती न काढता तेल काढलं तर सालीचा अंश तेलात उतरतो, रंगवल्यावर वर येतो आणि चित्र काळवंडतं. म्हणून अक्रोड भिजवून एकेक साल सोलायची. तासन् तास बसून करायचं काम, आणि चुकल्याचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसणारा.

या सगळ्यात शिकणं कुठे? इथेच अशा घरांत खटके उडायचे. मिकेलांजेलोने रोमहून बापाला लिहिलं की गरीब पण चांगल्या घरातला, कष्टाची सवय असलेला मुलगा शोधा. त्याने घरचं सगळं, बाजारहाट, निरोप करावं आणि उरल्या वेळात शिकावं. मुलगा आला. आणणाऱ्या खेचरवाल्याने एक दुकात घेतलं. आणि मुलगा म्हणू लागला की मला वेळ दवडायचा नाही, शिकायचंय. दिवसाचे दोन-तीन तास पुरतील असं आधी सांगितलेलं, आता सगळा दिवस पुरेना, रात्रीही रेखाटायचंय. मिकेलांजेलोने त्याला पत्रात शिव्या घातल्या आणि परत न्यायला सांगितलं. दोन घरांची तुलना बोलकी आहे: तिथे शिकण्याचा हट्ट करणारा मुलगा काही दिवसांत गेला, इथे पैसे चोरणारा राहिला.

दरबारातली चोरी आणि बडीशेपेच्या गोळ्या

जानेवारी १४९१मध्ये मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा आणि बेआत्रिचे द'एस्ते यांच्या लग्नाचे सोहळे चालू होते. २६ जानेवारीला लिओनार्दो सेनापती गालेआत्सो दा सानसेव्हेरिनोच्या घरी भालायुद्धाच्या खेळाची तयारी करत होता. काही हुजऱ्यांनी रानटी माणसांचे वेश घालून बघण्यासाठी कपडे उतरवले आणि पलंगावर ठेवले. जाकोमोने एकाच्या थैलीतून २ लिरा ४ सोल्दी काढले.

ही चोरी बाकीच्यांहून वेगळी आहे, कारण ती घराबाहेरची, आणि तीही ज्याच्या कृपेवर घर चालतं त्या दरबाराच्या माणसाच्या वाड्यात. इथे बदनामी पोराची होत नाही, उस्तादाची होते. तरी नोंद तशीच कोरडी, आकड्यासकट.

त्याच वाड्यात पाव्हियाच्या उस्ताद आगोस्तिनोने लिओनार्दोला बुटांसाठी एक तुर्की कातडं भेट दिलं. महिन्याभरात जाकोमोने ते एका मोच्याला २० सोल्दींना विकलं आणि, त्याच्या स्वतःच्या कबुलीनुसार, त्या पैशांची साखरेत घोळवलेल्या अनीसाच्या गोळ्या घेतल्या. आपल्याकडे जेवणानंतर रंगीत बडीशेप असते तशाच. साखर तेव्हा महाग होती, तरी वीस सोल्दींच्या गोळ्या बऱ्याच होतात. एकट्याने संपवल्या की वाटल्या, हे पानावर नाही. मोच्याची गाठ कशी पडली याचं मात्र नवल वाटायला नको. वर्षाला चोवीस जोड्या घेणाऱ्या घरातलं पोर बाजारातल्या मोच्यांना ठाऊक असणारच. आणि जुलैत कबूल न होणारा मुलगा आता कबूल झाला, हेही नोंदीतच आहे.

आता बेरीज. ४ लिरा थैलीतले, २२ आणि २४ सोल्दींच्या लेखण्या, हुजऱ्याचे २ लिरा ४ सोल्दी, कातड्याचे २० सोल्दी. एकूण ९ लिरा १० सोल्दी, आणि त्यातली मार्कोची लेखणी परत मिळालेली. कपड्यांच्या खर्चाशी तुलना केली तर तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी. वैताग आणणारी रक्कम, पण घर बुडवणारी नव्हे. बदली पोर आणलं असतं तर त्यालाही कपडे शिवावे लागलेच असते, आणि मिकेलांजेलोप्रमाणे आणणावळही मोजावी लागली असती. हा हिशोब लिओनार्दोने मनाशी केला असेल-नसेल. पण त्याने पोराला काढलं नाही हे खरं. मारल्याचा किंवा पैसे कापून घेतल्याचा उल्लेखही पानावर नाही.

त्याच्या दिसण्यामुळेच तो राहिला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. सोळाव्या शतकातला चित्रकारांचा चरित्रकार वसारी याने त्याच्या सुंदर कुरळ्या केसांबद्दल लिहिलंय आणि लिओनार्दोला ते आवडत असं म्हटलंय. यात तथ्य असेल. पण कुरळ्या केसांचा सुरेख पोरगा लिओनार्दोच्या रेखाटनांत जाकोमो येण्याच्या आधीपासून दिसतो, त्यामुळे प्रत्येक कुरळं डोकं याचंच समजणं चूक.

नोकर ते वारस

पुढे घरात त्याचं नाव सलाई पडलं, म्हणजे सैतानाचं पिल्लू. १४९७च्या एप्रिलमध्ये त्याच्यासाठी झगा शिवला तो चार हात रुपेरी कापडाचा, हिरव्या मखमलीची किनार लावून. कापडाचेच १५ लिरा ४ सोल्दी, मखमलीचे ९ लिरा. पहिल्या वर्षीचा झगा २ लिरांचा होता! आणि त्याच हिशोबाच्या शेवटी ओळ आहेच: सलाईने पैसे चोरले. १५०८च्या ऑक्टोबरात लिओनार्दोजवळ ३० स्कुदी होते. त्यातले १३ त्याने सलाईला बहिणीचा हुंडा पुरा करायला उसने दिले. बाप पिएत्रोने तोवर लिओनार्दोची मिलानमधली द्राक्षबाग खंडाने घेतलेली होती. म्हणजे एका पोराच्या मागून त्याचं अख्खं घर या घराला चिकटलं.

रंगवायलाही तो शिकला. ख्रिस्ताचं १५११चं एक चित्र त्याच्या सहीसह मिलानच्या अंब्रोझियाना संग्रहालयात आहे. चित्र मोठं नाही, कामही ठीकच. सप्टेंबर १५१३मध्ये लिओनार्दो रोमला निघाला तेव्हा सोबत्यांत त्याचं नाव आहे, पुढे फ्रान्समध्येही. फ्रेंच राजाच्या हिशोबात मात्र दर्जा स्वच्छ लिहिलाय: लिओनार्दोला दोन वर्षांचे २००० एक्यू, उमराव घरच्या फ्रान्चेस्को मेल्झीला ८००, आणि ‘नोकर’ सलाईला १००.

२३ एप्रिल १५१९च्या मृत्युपत्रात मेल्झीला वह्या आणि चित्रकामाची साधनं मिळाली. द्राक्षबागेचे दोन भाग झाले: अर्धी नोकर बात्तिस्ता दे व्हिलानिसला, अर्धी सलाईला, ज्याने तिथे आधीच घर बांधलं होतं. स्वयंपाकीण मातुरीनला अस्तराचा काळा झगा आणि २ दुकात मिळाले. सलाईने १५२३मध्ये लग्न केलं आणि १५२४मध्ये तो गेला. १५२५च्या एप्रिलमध्ये त्याच्या मालमत्तेची यादी झाली. तिच्यात चित्रं होती. ग्रीक पुराणातल्या लेदाच्या चित्राला १०१० लिरा आणि ‘जोकोंदा’ (म्हणजे मोनालिसा) म्हणून लिहिलेल्या चित्राला ५०५ लिरा किंमत लावलेली. ही मूळ चित्रं की नकला, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही.